मैदान, याचिका आणि रुसलेले दीर

वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार.

आम्ही दक्षिण नागपुरात, मानेवाडा रिंग रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये राहतो. लेआउटच्या मधोमध मोकळं मैदान आहे. मुलं क्रिकेट खेळतात, सकाळी म्हातारी माणसं चकरा मारतात, गणपती आणि दुर्गा तिथंच बसतात. आता मनपा तिथं बहुउद्देशीय सभागृह आणि त्याच्या वर अभ्यासिका बांधणार आहे. फलक लागला, मुरूम येऊन पडला, खोदकाम अजून सुरू झालेलं नाही. आमच्यातल्या काही घरांनी हायकोर्टात पीआयएल, म्हणजे जनहित याचिका, टाकायचं ठरवलं आहे. याचिका करणाऱ्यांत एखादी बाई असावी म्हणून माझं नाव सुचवलं. रविवारी सह्या घेणार आहेत.

माझे मोठे दीर दोन गल्ल्या सोडून राहतात. ते सभागृहाच्या बाजूचे. "लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला काम करू द्यायचं नाही, उठसूट कोर्टात जायचं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हे सरकारला घेऊन चढताहेत," असं ते म्हणतात. त्यांचा मुलगा एमपीएससी करतो, दर महिन्याला पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसतो. म्हणून त्यांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. पण ग्रुपवर त्यांनी आम्हाला 'विकासविरोधी' म्हटलं, आणि आमच्यातल्या एकानं त्यांना 'सरकारचा चमचा' म्हटलं. तेव्हापासून त्यांनी आमच्याकडे येणं सोडलं. सासरे आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे विनाखटला स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली, आत होते. त्यांच्या पुण्यतिथीला दोन्ही घरं एकत्र जेवतात, यंदा ते झालं नाही.

यजमान राज्य सरकारच्या नोकरीत आहेत. तुझ्या एका सहीनं माझी बदली गडचिरोलीला होईल, असं ते म्हणतात. वकिलांच्या फीची काळजी नाही. ती चौकातले मंगल कार्यालयवाले देणार आहेत, मसुदाही त्यांच्याच ओळखीच्या वकिलांनी केला आहे.

सही करू की नको?

एक वाचक, नागपूर (नाव छापू नये)

ताई,

सही करायला हरकत नाही. पण या रविवारी करू नका, आणि या मसुद्यावर तर मुळीच नको. त्याचं कारण तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी आहे, तुम्ही ते सहज लिहून गेलात. त्याच्याकडे मी येतोच. आधी तुमच्या दिरांचं म्हणणं बघू, कारण तुम्हाला खरी टोचणी त्याची लागली आहे असं पत्र वाचताना जाणवलं.

त्यांचं म्हणणं पोकळ नाही. न्यायाधीशांना आपण मत देऊन बसवत नाही. मैदान हवं की सभागृह, पैसा नाल्यावर खर्च करायचा की रस्त्यावर, हे ठरवायला आपण नगरसेवक निवडतो आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर पाच वर्षांनी त्यांना घरी पाठवतो. हे काम कोर्टानं अंगावर घेऊ नये असं मानणारे कायद्याचे जाणकार पुष्कळ आहेत, खुद्द न्यायाधीशांमध्येही आहेत. दिरांना 'चमचा' म्हणणाऱ्या तुमच्या बाजूच्या माणसानं आधी ते शब्द मागे घ्यावेत. ग्रुपवर म्हटलं असेल तर ग्रुपवरच घ्यावेत.

पण याच नागपुरात गेल्या काही वर्षांत काय झालं ते आठवा. मनपाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती होता. नाली तुंबली तर कुणाच्या दारात जायचं हे लोकांना कळत नव्हतं. ही निवडणूक एवढी लांबली त्याला ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेवरून सुप्रीम कोर्टात अडकलेली प्रकरणं बऱ्याच अंशी कारण होती, हे तुमचे दीर म्हणाले तर ते बरोबरच आहे. आणि आता निवडणुका घ्या, असं मे २०२५ मध्ये बजावलं तेही त्याच कोर्टानं. तेव्हा कोर्ट म्हणजे लोकशाहीचा रक्षक किंवा कोर्ट म्हणजे लोकशाहीत खोडा, यातलं एकच वाक्य धरून बसणाऱ्याला नागपूरचा हा ताजा इतिहास निम्मा झाकून ठेवावा लागेल.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. मैदानावर सभागृह बांधायचा ठराव कोणत्या तारखेचा आहे ते बघा. तो प्रशासकाच्या काळातला असेल तर 'लोकांनी निवडून दिलेल्यांचा निर्णय' हे शब्द त्याला नीट लागू पडत नाहीत. आणि आता प्रभागात निवडून आलेले नगरसेवक आहेत, तर कोर्टाआधी त्यांच्याकडे जाणं भाग आहे. सगळ्यांकडे जा, पक्ष बघू नका. तुमच्या पत्रात नगरसेवकांचा उल्लेखच नाही, याचं मला वाईट वाटलं. चार वर्षं ते नव्हते म्हणून आपण त्यांच्याकडे जायची सवयच विसरलो की काय?

आता सासऱ्यांविषयी. तुमचे दीर त्यांच्या तुरुंगवासाचा अभिमान बाळगत असतील, बाळगायलाच हवा. त्या काळात मिसाखाली पकडलेल्यांच्या घरच्यांनी ठिकठिकाणच्या हायकोर्टांत देहोपस्थितीच्या याचिका केल्या, म्हणजे आमचा माणूस कोणत्या कायद्यानं आत ठेवला ते सरकारनं कोर्टाला सांगावं, अशी मागणी. सरकारचं म्हणणं होतं की आणीबाणीत असा प्रश्न विचारण्याचा हक्कच उरत नाही. देशातल्या ज्या हायकोर्टांनी हे मानलं नाही आणि अशा याचिका ऐकता येतात असा निकाल दिला, त्यांत मुंबई हायकोर्टाचं आपलं नागपूर खंडपीठ होतं. सुप्रीम कोर्टानं २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी ते निकाल फिरवले. वेगळं मत देणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. १९७६ चा तो निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात, स्वच्छ शब्दांत सांगितलं.

सासरे आत होते तेव्हा कुणाची तरी बायको, कुणाचा तरी भाऊ सिव्हिल लाइन्समधल्या त्याच इमारतीच्या पायऱ्या चढत होता. त्या याचिकांतही समोरचा पक्ष सरकारच होता. आणि त्या लोकांनाही तेव्हा पुष्कळांनी ऐकवलं होतं की देश शिस्तीनं पुढं चालला आहे, तुम्ही मध्ये येऊ नका. तुमच्या सभागृहाची आणि आणीबाणीची बरोबरी मी करत नाही. एका बाजूला माणसांचं स्वातंत्र्य होतं, इथं एक मैदान आहे. पण ज्या दारानं तेव्हा जाता येत होतं, तेच दार आहे. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं की एकच कलम निवडा म्हटलं तर मी कोर्टात दाद मागण्याच्या हक्काचं कलम निवडीन, त्याच्याशिवाय संविधान निरर्थक ठरेल. ते कलम ३२ सुप्रीम कोर्टासाठी आहे. हायकोर्टाला कलम २२६ नं दिलेला अधिकार तर त्याहून रुंद आहे. दिरांना हे सांगायचं तर टोमणा म्हणून सांगू नका. वडिलांची आठवण म्हणून सांगा, ऐकतील.

कोर्ट नक्की कशात लक्ष घालतं हे मात्र तुमच्या गटालाही नीट समजलेलं दिसत नाही. मैदान चांगलं की अभ्यासिका चांगली, हे हायकोर्ट ठरवणार नाही. निर्णय घेणाऱ्याला तो घ्यायचा अधिकार होता का, कायद्यानं सांगितलेली वाट त्यानं धरली का, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना ऐकलं का, मनमानी केली का, एवढंच ते बघतं. मार्च २०२५ मध्ये शहरात दंगल झाली, त्यानंतर मनपानं आरोपींच्या घरांवर बुलडोझर नेला. याच खंडपीठानं ती कारवाई थांबवली, पण एक घर तोवर जमीनदोस्त झालं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली होती. त्या निर्देशांची आपल्याला माहितीच नव्हती असं सांगून मनपा आयुक्तांना कोर्टाची माफी मागावी लागली. तेव्हाही शहरात दोन तट पडले होते. कोर्ट दंगेखोरांना पाठीशी घालतं, असं चहाच्या टपऱ्यांवर मी स्वतः ऐकलं. पण आरोपींनी काय केलं हा कोर्टापुढचा प्रश्न नव्हता. नोटीस दिली होती का, हा होता. उद्या तुमच्या लेआउटमधल्या एखाद्या घराला, अगदी तुमच्या दिरांच्या घराला अनधिकृत म्हणून खूण केली, तर ते पंधरा दिवस त्यांनाही मिळतील ते सुप्रीम कोर्टाच्या त्या निर्देशांमुळेच.

तेव्हा तुमचा प्रश्न 'सभागृह वाईट आहे' असा मांडला तर पहिल्याच तारखेला याचिका गुंडाळली जाईल. तो 'ही जमीन कशासाठी राखली होती आणि तिचा उपयोग बदलताना कायदा पाळला का' असा मांडावा लागेल. त्यासाठी आधी एक कागद बघा.

तुमच्या लेआउटमधल्या बहुतेक घरांत प्लॉटच्या फायलीत विक्रीपत्राबरोबर लेआउटच्या मंजूर नकाशाची झेरॉक्स सापडेल. घडी पडून पडून ती मधोमध फाटलेली असते, शिक्का पुसट असतो. ती जेवणाच्या टेबलावर पसरा. प्लॉटना नंबर असतात, गल्ल्यांवर त्यांची रुंदी लिहिलेली असते. मधल्या बिननंबरी तुकड्यावर काय लिहिलं आहे ते भिंगातून वाचा. 'ओपन स्पेस' लिहिलं असेल तर एक गोष्ट, 'पीयू लँड' म्हणजे सार्वजनिक सोयींची जागा लिहिली असेल तर दुसरी, आणि शहराच्या विकास आराखड्यात तो तुकडा खेळाचं मैदान म्हणून आरक्षित असेल तर तिसरी. तुमचं अख्खं प्रकरण या तीनपैकी एका शब्दावर उभं राहणार किंवा पडणार आहे, आणि पत्रात तो शब्द नाही. यावरून मला वाटतं की मसुदा करणाऱ्यांनीही नकाशा उघडून पाहिलेला नसावा.

ओपन स्पेस निघाली तर तुमची बाजू भक्कम आहे. बंगळूरच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा सरकारनं खासगी नर्सिंग होमला द्यायचं ठरवलं, आणि तिथल्या रहिवाशांनी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला. हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. बागेची, खेळण्याची जागा ही रहिवाशांच्या हिताची आहे, ती दुसऱ्याला देण्याचा अधिकार सरकारलाही तसा नाही, आणि त्या वसाहतीत राहणाऱ्याला तक्रार करण्याचा पूर्ण हक्क आहे, असं कोर्टानं म्हटलं. सरकारी वकील यावर सांगतील की तिथं जागा खासगी संस्थेला चालली होती, इथं मनपा स्वतः लोकांसाठी बांधते आहे, आणि मोकळ्या जागेत थोड्या बांधकामाला नियमांतही मुभा आहे. हा युक्तिवाद दमदार आहे. म्हणून किती जागेवर किती मजल्यांचं बांधकाम येणार, मैदान किती उरणार, हे मंजूर आराखड्यातून काढावं लागेल. पीयू लँड निघाली तर मनपाला हात मोकळा आहे. तसं असेल तर मी तुम्हाला सांगेन की हायकोर्टाचा नाद सोडा आणि सभागृहाची जागा, उंची, पार्किंग यावर नगरसेवकांशी घासाघीस करा. विकास आराखड्यातलं आरक्षण निघालं, तर ते बदलायला १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ आहे. जाहीर सूचना काढायची, हरकतींसाठी एक महिना द्यायचा, सुनावणी घ्यायची आणि मग राज्य सरकारची मंजुरी. यातली एक जरी पायरी गाळली असेल, तर तुमच्या याचिकेला बळ आलं.

कागद मागायला माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांत अर्ज होतो, उत्तराला तीस दिवस लागतात. फाइल प्रत्यक्ष पाहायची मागणी त्याच अर्जात करा. नगरसेवकांनी मनावर घेतलं तर हे काम लवकर होईल. त्याबरोबर आयुक्तांना निवेदन द्या, त्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारीख स्पष्ट दिसायला हवी. बेंचवरून पहिला प्रश्न हाच येतो की इथं येण्याआधी तुम्ही संबंधितांकडे गेला होता का.

हे सगळं रेंगाळत करायचं नाही. मुरूम पडला आहे. सरदार सरोवराच्या प्रकरणात धरणाची उंची वाढवण्याचं काम १९९५ पासून काही वर्षं कोर्टाच्या आदेशानं थांबलेलं होतं. पण ऑक्टोबर २००० मध्ये निकाल देताना सुप्रीम कोर्टानं बजावलं की प्रकल्पाला हरकत घ्यायची तर काम सुरू होण्याआधी या, लोकांचा पैसा ओतून झाल्यावर येऊ नका. तेव्हापासून 'उशीर केला' हे सरकारी वकिलांचं आवडतं उत्तर आहे आणि पुष्कळदा ते चालतं. रविवारी सही नको म्हणालो, ते दोन-तीन आठवड्यांच्या हिशेबानं. पावसाळ्यानंतर बघू, असं म्हणालात तर तोवर कॉलम उभे राहतील.

आता मंगल कार्यालयवाल्यांकडे येतो.

ताई, मनपाचं सभागृह झालं तर ते स्वस्त दरात मिळेल. बारसं, साखरपुडा, तेरवी, लहानसं लग्न तिथं होईल. चौकातल्या मंगल कार्यालयाचं गिऱ्हाईक तुटेल. ज्याचं गिऱ्हाईक तुटणार तोच फी देतो आहे, वकीलही त्यानंच आणला आहे आणि सही मात्र तुमची मागतो आहे. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. तोही तिथलाच रहिवासी असेल, त्याचीही नातवंडं त्या मैदानावर खेळत असतील. पण जनहित याचिका ही स्वतःच्या फायद्यासाठी नसते, तिचा पायाच तो आहे. मुंबई हायकोर्टाचे जनहित याचिकांसाठी २०१० चे स्वतंत्र नियम आहेत. यात माझा वैयक्तिक लाभ नाही, खर्च मी करते आहे, हे याचिकाकर्तीला शपथेवर लिहून द्यावं लागतं. आता तुम्हीच सांगा, तुम्ही ते काय म्हणून लिहिणार? याचिका करणाऱ्याचा हेतू तपासा, मागे कुणाचा स्वार्थ लपलेला नाही ना ते बघा, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सगळ्या हायकोर्टांना सांगून ठेवलं आहे. आपलं खंडपीठ तर प्रामाणिकपणाची खात्री पटावी म्हणून याचिका ऐकण्याआधी रक्कम जमा करायला सांगतं, हे इथं वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मनपाच्या वकिलांना चौकातल्या मंगल कार्यालयाचा पत्ता लागायला एक दिवसही पुरे. तो लागला की मैदानाचा प्रश्न बाजूला पडेल, खोटी शपथ घेणारी बाई म्हणून तुमचं नाव निकालपत्रात येईल, वर खर्चाचा भुर्दंड बसेल. आणि पुढं कुणी खऱ्या तळमळीनं याच मैदानासाठी कोर्टात गेलं तर त्यालाही आधी तुमच्या निकालाचं उत्तर द्यावं लागेल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. खोट्या याचिकांनी सरकारचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते खऱ्या याचिकेचं. तुमच्या दिरांसारखी माणसं 'हे सगळं कुणीतरी मागून करवतं' असं म्हणतात ना, त्यांना तसं म्हणायला आपणच पुरावा देतो.

तेव्हा मंगल कार्यालयवाल्यांना स्पष्ट सांगा, काका, तुमचे पैसे नकोत. त्यांना स्वतःच्या धंद्याचं नुकसान मांडायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या नावानं मांडावं. तुम्ही घरटी वर्गणी काढा, पावती द्या, हिशेब वहीत ठेवा. वकील दुसरे बघा. आणि फी झेपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे, हायकोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करता येतो. याचिकाकर्त्यांत बाई हवी म्हणून तुम्हाला बोलावणाऱ्यांना हे कुणीच सांगितलं नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही, राग येतो.

हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. मसुद्याचं प्रत्येक पान वकिलांकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय प्रतिज्ञापत्रावर सही करू नका, मग ते कितीही घाईत असोत. शेवटच्या दोन पानांवर विनंत्या असतात, कोर्टानं काय करावं अशी मागणी. तिथं 'सभागृह कायमचं रद्द करा' असं असेल तर ते बदलून घ्या. जागेचा मूळ उपयोग कायम ठेवावा, बदलायचा तर कायद्यानं सांगितल्याप्रमाणे हरकती मागवून बदलावा, एवढंच मागा. कमी मागणारी याचिका जास्त टिकते.

हरलात तरी सगळं पाण्यात गेलं असं समजू नका. फुटाळ्याचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तलावातलं संगीत कारंजं आणि तिथली बांधकामं यांवरून एका संस्थेनं याचिका केली, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं की फुटाळा हा मानवनिर्मित तलाव आहे, पाणथळ जागांच्या नियमांत तो बसत नाही. याचिका करणारे हरले. पण त्याच निकालात असंही आलं की सार्वजनिक संपत्तीचं विश्वस्त म्हणून रक्षण करण्याची सरकारची जबाबदारी माणसानं बांधलेल्या तलावांनाही लागू होते. अंबाझरी असो की गांधीसागर, उद्या कुणी त्यांच्यासाठी उभं राहिलं तर हे वाक्य त्यांच्या हातात असेल.

यजमानांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. १९७९ चे वर्तणूक नियम त्यांना बांधतात, तुम्हाला नाही. तुम्ही स्वतंत्र नागरिक आहात, पतीच्या नोकरीमुळे तुमचा हक्क कमी होत नाही. त्यांनी मात्र बैठकीत बोलू नये, ग्रुपवर लिहू नये, पत्रकारांशी तर अजिबात बोलू नये. बदल्यांसाठी महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे, मुदतीआधी बदली करायची तर लेखी कारणं द्यावी लागतात, आणि तशी ती झालीच तर नागपुरातच प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. तरीही ते नगरविकास खात्यात किंवा मनपाशी रोजचा संबंध येणाऱ्या कचेरीत असतील, तर दुसऱ्या एखाद्या ताईंनी सही करावी आणि तुम्ही वर्गणी, कागदपत्रं, बैठका बघाव्यात. त्यात कमीपणा काही नाही. घरातल्या माणसाची झोप उडवून सही करावी इतकं तुमच्या एका नावावर अडलेलं नाही.

राहिले दीर. तुम्ही एकट्या जाऊ नका, ग्रुपवर काही लिहू नका. जाऊबाईंना फोन करा आणि यजमानांना घेऊन संध्याकाळी त्यांच्याकडे जा. तो नकाशा बरोबर न्या, आणि सही करण्याआधी न्या, नंतर नाही. त्यांना म्हणा, दादा, याचिकेत काय मागणार आहोत ते तुम्ही आधी वाचा. मग पुतण्याच्या अभ्यासिकेविषयी बोला. ती गरज खरी आहे. दरमहा पैसे भरून खुर्ची मिळवणारी किती मुलं तुमच्या लेआउटमध्ये आहेत, हे तुमच्या गटानं कधी मोजलं का? शहरात मनपाच्या बंद पडलेल्या शाळांच्या इमारती आहेत. तुमच्या आसपास अशी एखादी असेल तर तिथं अभ्यासिका करा, ही मागणी आयुक्तांच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर घाला, आणि त्यावर दिरांची सही मागा. ते याचिकेवर सही करणार नाहीत. या निवेदनावर करतील, असं मला वाटतं.

नाही केली तरी त्यांच्याशी भांडू नका. निकाल कोणताही लागो, मैदान राहो की सभागृह होवो, हे मतभेद तसेच राहणार आहेत. दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून तुम्हाला ते निभवायचे आहेत. कोर्ट त्यात काही करू शकत नाही. पुण्यतिथीचं जेवण यंदा राहिलं ना? मग त्यासाठी तिथीची वाट बघू नका, या महिन्यातच दोन्ही घरांना जेवायला बोलवा. त्या दिवशी नकाशा कपाटातच राहू द्या.

नकाशावरच्या त्या तुकड्यावर काय लिहिलं आहे ते वाचलंत की मला कळवा. पुढचं त्यावर सांगतो.